तिथे कोणी नव्हतं ना?

उन्हाळ्याच्या सुटीत माझी सात वर्षांची नात महिनाभर आमच्याकडे इंदूरला होती. दुपारी रस्ते ओस पडत, आजी स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत असे आणि आम्ही दोघे, म्हणजे एक सत्तरी ओलांडलेला निवृत्त कारकून आणि एक नुकतीच दुसरीत गेलेली मुलगी, दूरचित्रवाणीसमोर बसून ‘डोरेमॉन’ पाहत असू. सुरुवातीला मी केवळ सोबत म्हणून बसलो. आठवडाभरात अवस्था अशी झाली, की आजीने हाक मारली तर ‘जरा थांब’ असे आम्ही दोघेही एकदमच म्हणू लागलो.

ज्यांच्या घरी सध्या लहान मूल नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. डोरेमॉन हे मूळचे जपानी चित्रकथेतले पात्र. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराची ती कथा १९६९ च्या अखेरीस मुलांच्या मासिकांतून येऊ लागली. भारतात २००५ पासून डोरेमॉन हिंदी बोलू लागला. हा बाविसाव्या शतकातला यंत्रमानव. खरे तर यंत्रमांजर. पण ते सदोष निघालेले. त्याचे कान उंदराने कुरतडले आहेत आणि मांजर असून उंदीर दिसला की ते किंचाळत सुटते. अभ्यासात ढ, खेळात ढ आणि रडण्यात मात्र तरबेज अशा नोबिता नावाच्या मुलाचे भले करण्यासाठी त्याला भविष्यकाळातून पाठवले आहे. पोटावरच्या खिशातून तो दर वेळी एखादे अजब साधन काढतो, नोबिता त्याचा भलताच उपयोग करतो आणि शेवटी फजिती होते. मूल हसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या मालिकेवर मोठे चित्रपटही निघाले आहेत. त्यांतला पोलादी सैन्याचा चित्रपट जपानमध्ये १९८६ साली आला आणि २०११ साली नव्याने काढला गेला. आम्ही तो हिंदीतून पाहिला. गोष्टीची सुरुवात हेव्यातून होते. सुनिओ हा पैसेवाला मित्र आपला खेळण्यातला यंत्रमानव मिरवतो आणि नोबिता रडत घरी येतो. मग उत्तर ध्रुवावर त्याला एक विचित्र गोळा सापडतो आणि त्या गोळ्याच्या मागोमाग एका प्रचंड यंत्रमानवाचे सुटे भाग येऊन पडू लागतात. एवढे धूड ठेवायचे कुठे? डोरेमॉन त्याला आरशापलीकडच्या जगात नेतो. ते जग आपल्या जगासारखेच हुबेहूब. रस्ते तेच, घरे तीच. फक्त डावे-उजवे उलटे आणि माणूस एकही नाही. तिथे दोघे मिळून तो यंत्रमानव जोडतात, उत्तर ध्रुवावरचा म्हणून सांताक्लॉजच्या चालीवर त्याचे नाव झांडाक्लॉस ठेवतात आणि त्याच्याशी मनसोक्त खेळतात. नात खदखदून हसत होती. मग शिझुका ही त्यांची मैत्रीण खेळता खेळता सहज एक बटण दाबते आणि समोरची गगनचुंबी इमारत क्षणात कोसळते.

नातीचे हसू थांबले. पन्ह्याचा पेला हातात तसाच राहिला. माझ्याकडे वळून तिने विचारले, “आबा, तिथे कोणी नव्हतं ना?”

“नव्हतं,” मी म्हणालो. “ते आरशातलं जग आहे ना.”

तिने पेला तोंडाला लावला. तिच्यापुरता प्रश्न मिटला. उरलेला चित्रपट मी पाहिला खरा, पण मन तिथे नव्हते. बटण कोणी दाबायला सांगितले, दाबणे नियमात बसत होते की नाही, इमारत कोणाची होती, यातले काहीही त्या मुलीला सुचले नाही. तिला सुचला तो एकच प्रश्न. मी छत्तीस वर्षे कचेरीत काढली आणि एका विशिष्ट दिवशी हाच प्रश्न मला सुचायला हवा होता.

त्या दिवसाकडे येण्याआधी दुसऱ्या एका जपानी यंत्रमानवाची गोष्ट सांगावी लागेल. माझा मुलगा लहान होता तेव्हा, १९८० च्या दशकात, दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ नावाची मालिका लागत असे. मित्सुतेरू योकोयामा या चित्रकथाकाराच्या कल्पनेवर आधारलेली, जपानमध्ये १९६७-६८ साली दाखवली गेलेली, सव्वीस भागांची. ही व्यंगचित्रे नव्हती. माणसेच रबरी पोशाख घालून राक्षस होत. हसवावे असा तिचा हेतू नव्हता, पण आम्ही मोठी माणसे हसत असू, कारण त्या पोलादी देहाने गुडघा वाकवला की पोलादाला सुरकुत्या पडत आणि कोसळणाऱ्या इमारती पुठ्ठ्याच्या आहेत हे काही केल्या लपत नसे. मुले मात्र श्वास रोखून पाहत. तो रोबोट एका लहान मुलाचा आवाज तेवढा ओळखत असे, कारण त्याच्या नियंत्रक यंत्रात पहिल्यांदा उमटला तो त्या मुलाचा आवाज होता. मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलून हुकूम सोडी आणि रोबोट उडे, लढे, थांबे. आमच्या गल्लीतली यच्चयावत पोरे त्या काळात मनगटाशी तोंड नेऊन एकमेकांना हुकूम सोडीत असत.

याच योकोयामांनी त्याआधी, १९५६ साली, ‘तेत्सुजिन २८’ नावाची चित्रकथा सुरू केली होती. पुढे १९६३ साली तिची व्यंगचित्र-मालिका झाली. त्यातला लोहपुरुष जपानी लष्कराने महायुद्धासाठी घडवलेले गुप्त अस्त्र असतो. युद्ध संपल्यावर तो एका मुलाच्या ताब्यात येतो. त्याला स्वतःची बुद्धी नाही. दूरनियंत्रक ज्याच्या हाती, त्याचा तो नोकर. पेटी पोराच्या हाती असली की तो शहर वाचवतो, चोराच्या हाती गेली की तोच दरोडा घालतो. योकोयामा कोबे शहरात जन्मले आणि महायुद्धात त्या शहरावर बाँब पडले तेव्हा ते शाळकरी वयात होते. वरून पाहणाऱ्याला खालची माणसे दिसत नाहीत, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. भूकंपाने उद्ध्वस्त झालेले ते शहर पुन्हा उभे राहिल्याची खूण म्हणून २००९ साली तिथे याच लोहपुरुषाचा चार-पाच मजली पुतळा उभारण्यात आला.

‘जायंट रोबोट’च्या शेवटच्या भागात मात्र निराळे घडले. परग्रहावरून आलेला दुष्ट सम्राट धमकी देतो, की मला मारलेत तर माझ्या देहातल्या अणुशक्तीच्या स्फोटात तुमची सगळी पृथ्वी जाईल. सगळे हतबल होतात. तेव्हा तो रोबोट, कोणीही हुकूम दिलेला नसताना, सम्राटाला उचलून आकाशात झेपावतो. मुलगा घड्याळात ओरडत राहतो, परत ये, परत ये. आयुष्यात पहिल्यांदाच रोबोट त्याचे ऐकत नाही. दूर अंतराळात उल्केवर आदळून तो स्वतःसकट त्या सम्राटाला नष्ट करतो.

माझा नऊ वर्षांचा मुलगा त्या रात्री जेवताना गप्प होता. मग त्याने विचारले, “बाबा, रोबोटनं त्याचं ऐकलं नाही. तरी तो चांगला कसा?”

“जेव आधी,” मी म्हणालो. “भात गार होतोय.”

उत्तर मला सुचले नाही असे नाही. ते देण्याचे तोंड मला नव्हते. कारण त्याच वर्षी, १९८७ च्या जुलैत, माझ्या हातून एक गोष्ट घडली होती.

मी तेव्हा एका कचेरीत आवक-जावकच्या खिडकीवर होतो. कोणती कचेरी याला इथे महत्त्व नाही; अशा खिडक्या सगळीकडे सारख्याच असतात. आईबापांपैकी कोणी नसलेल्या शाळकरी मुलांना मदत देण्याच्या एका योजनेच्या अर्जांची ३१ जुलै ही अखेरची तारीख होती. दुपारी तीनच्या सुमारास वरिष्ठांचा तोंडी हुकूम आला, की ढीग फार झाला आहे, यापुढे येणाऱ्या अर्जांवर उद्याची तारीख टाका. मी तारखेच्या रबरी शिक्क्याचे चाक बोटाने फिरवले. ३१ जुलै गेली, १ ऑगस्ट आली. पावणेचारच्या सुमाराला एक बाई आल्या. परदेशीपुऱ्याहून पायी आल्या होत्या. नवरा गिरणीत होता, तो वारला होता. मुलगा सहावीत होता. अर्ज नीट भरलेला होता, दाखले जोडलेले होते. मी शिक्का मारला आणि पावती हातात दिली. त्यांनी ती न वाचता कपाळाला लावली.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. अर्ज मुदतीनंतर आला म्हणून फेटाळल्याचे पत्र त्यांच्या हातात होते. “बाबूजी, मैं तो इकतीस को ही आई थी न?” त्यांनी विचारले. भांडत नव्हत्या. आपल्याच दिवसांच्या हिशेबात चूक तर झाली नाही, अशा सुरात त्या विचारत होत्या. मी म्हणालो, “ऊपर से ऑर्डर था।” त्यांनी पत्राची घडी घातली, पदराखाली ठेवली आणि गेल्या.

झाली ती एवढीच गोष्ट. कोणी मेले नाही, कोणी तुरुंगात गेले नाही. पुढे मला वेळेवर बढती मिळाली. गोपनीय अहवालात माझ्याविषयी ‘आज्ञाधारक’ असा शेरा होता आणि तो वाचून मला आनंद झाला होता, हेही कबूल केले पाहिजे. शाळेपासून आपल्याकडे मुलाच्या कौतुकाचा सर्वांत मोठा शब्द तोच. अर्जाच्या शेवटी आपण ‘आपला आज्ञाधारक’ असे लिहितो आणि सही करतो.

आज्ञाधारकपणा हा सद्गुण आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे आणि तो मला एका विनोदी मालिकेने घातला, याचे मला स्वतःलाच थोडे हसू येते. पण हसण्याचा आणि या प्रश्नाचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. आंरी बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे साधारण असे, की जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपल्याला हसू येते. समोर खड्डा दिसत असूनही सवयीने चालत राहणारा माणूस, प्रसंग कोणताही असो तेच ठरावीक वाक्य म्हणणारा कारकून. जिथे लवचिकता हवी तिथे ताठरपणा आला, की समाज हसतो, आणि ते हसणे म्हणजे त्या माणसाला पुन्हा माणसात ये असे सांगणे असते. आपल्या पंचतंत्रात राजाने पाळलेले एक माकड आहे. राजा झोपलेला असताना माशी बसली, तिला हाकलणे हे नेमून दिलेले काम, म्हणून त्याने तलवार उचलली आणि माशीवर घाव घातला. त्या माकडाइतका आज्ञाधारक नोकर दुसरा कोणी नसेल. मूल ती गोष्ट ऐकताना आधी हसते आणि मग हसता हसता थांबते. त्या थांबण्यातच नीतीचा आरंभ असावा, असे मला आता वाटू लागले आहे.

डोरेमॉनमध्ये बर्गसाँचे सूत्र उलटे झालेले दिसते. इथे यंत्र माणसासारखे वागते. ते घाबरते, रुसते, गोड खाण्यासाठी हपापते, चुकते, वैतागते. सदोष म्हणून ज्याला बाजूला काढले, तेच सर्वांत जास्त माणसासारखे आहे. निर्दोष यंत्र सांगितलेले तंतोतंत करते. सदोष यंत्र अडखळते, आणि त्या अडखळण्यात विचार शिरायला फट मिळते. माझा रबरी शिक्का निर्दोष होता, आणि मीही.

हुकमाचा ताबेदार असा कृत्रिम नोकर असावा, ही माणसाची हौस फार जुनी आहे. इंदूरपासून दीड तासावर धार आहे. तिथे अकराव्या शतकात राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. त्यात यंत्रांवर एक सबंध अध्याय आहे. नाचणाऱ्या बाहुल्या, पाणी पिणारा हत्ती आणि दारावर उभा राहून आत शिरणाऱ्याला अडवणारा लाकडी द्वारपाल यांची वर्णने त्यात येतात. ही यंत्रे कशी बनवायची ते मात्र सांगितलेले नाही. आम्हाला ठाऊक नाही म्हणून नव्हे, गुप्त राहावे म्हणून, असे ग्रंथकार बजावतो. मला त्या लाकडी द्वारपालाचे कुतूहल आहे. रात्री दाराशी आलेला चोर आहे की अंधारात वाट चुकलेला पाहुणा, हे त्याला कसे कळत असेल? कळत नसणारच, आणि म्हणूनच तो राजाला सोयीचा. ‘रोबोट’ हा शब्दही कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून आला, आणि त्याचे मूळ ज्या चेक शब्दात आहे त्याचा अर्थ वेठ असा होतो. वेठबिगाराने विचार करू नये, हीच मालकाची अपेक्षा.

पण मग ज्याने आज्ञा पाळली तो प्रत्येक जण माकडच ठरतो काय? तसे म्हणता येत नाही. रामाने पित्याची आज्ञा पाळली म्हणून आपण त्याला वंदन करतो. परशुरामानेही पित्याची आज्ञा पाळली. जमदग्नींनी रेणुकेचे मस्तक उडवायला सांगितले, थोरल्या चार भावांनी नकार दिला आणि शाप घेतला, परशुरामाने परशू उचलला. सौंदत्तीच्या डोंगरावर त्या मातेच्या दर्शनाला जाणाऱ्या सीमाभागातल्या वाचकांना ही कथा मी सांगायला नको. दोघेही सारखेच आज्ञाधारक. मग एकाच्या कथेने मन भरून येते आणि दुसऱ्याच्या कथेने अंगावर काटा येतो, हे का?

बराच काळ विचार करून मी एका साध्या उत्तरापाशी आलो आहे. रामाने पाळलेल्या आज्ञेची पहिली किंमत स्वतः रामाने भरली. चौदा वर्षे वनवास त्याच्याच वाट्याला होता. परशुरामाने पाळलेल्या आज्ञेची किंमत रेणुकेने भरली. प्रल्हादाने बापाची आज्ञा मोडली आणि कड्यावरून तोच लोटला गेला. त्या चार भावांनी आज्ञा मोडली आणि शाप त्यांनाच लागला. त्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांना आठवतात? मलाही पुस्तकात पाहावी लागली. म्हणजे आज्ञा पाळली की मोडली, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. किंमत कोणी भरली, हे पाहावे लागते. परशुरामाला निदान वर मागता आला आणि आई जिवंत झाली. कचेरीत अशी सोय नसते.

जपानी यंत्रमानवांच्या गोष्टी या कसोटीला चकित करण्याइतक्या उतरतात. जायंट रोबोटने हुकूम मोडला आणि स्वतः जळून गेला. पोलादी सैन्याच्या चित्रपटातही असेच आहे. यंत्रांच्या एका ग्रहावरून रिरुरु नावाची मुलगी हेर म्हणून येते. दिसायला माणूस, आतून यंत्र. त्या ग्रहावर एके काळी यंत्रांमध्येच धनी आणि गुलाम असत. पुढे सगळी यंत्रे समान झाली, आणि मग कामाला गुलाम हवेत म्हणून त्यांनी माणसांना पकडून न्यायचे ठरवले. हे ऐकून शिझुकाला वाटते, की ही तर अगदी माणसांच्याच इतिहासासारखी गोष्ट झाली. रिरुरु जखमी होते तेव्हा शिझुका तिची शुश्रूषा करते आणि हुकमाच्या त्या पुतळीत पहिल्यांदा शंका उत्पन्न होते. शेवटी दोघी काळाच्या मागे जातात. त्या ग्रहावरच्या पहिल्या यंत्रांच्या मनात माया घालायची, म्हणजे पुढचे सगळे युद्धच होणार नाही, असे ठरते. पण तसे केले तर इतिहास बदलेल आणि रिरुरु स्वतःही नाहीशी होईल. हे ठाऊक असून ती ते काम पुरे करते आणि शिझुकाच्या डोळ्यांदेखत विरून जाते. इतका वेळ हसवणाऱ्या चित्रपटाने माझ्या नातीला रडवले. मलाही चष्मा पुसावा लागला, तो मात्र मी ऊन फार असल्याच्या सबबीवर पुसला.

यावर कोणी म्हणेल, की ही सगळी पोरांची गोष्ट झाली. प्रत्येक कारकून जर आपल्या मनाला विचारून शिक्का मारू लागला, तर राज्य चालेल कसे? हा आक्षेप खरा आहे आणि तो मी झटकून टाकीत नाही. आमच्याच शहरात याचे उदाहरण उभे राहिले होते. २०१७ साली बर्फानी धामजवळच्या चौकात वाहतूक सांभाळण्यासाठी चौदा फूट उंचीचा एक यंत्रमानव बसवण्यात आला. इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या अध्यापकांनी तो बनवला होता. लोक थांबून पाहत, मुले आईबापांना हट्टाने तिथे नेत. तेव्हापासून त्या जागेचे नाव ‘रोबोट चौराहा’ पडले आणि आता मेट्रोच्या आराखड्यातही तेच नाव आले आहे. त्या चौकात हात आडवा झाला की थांबायचे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तिथे प्रत्येकाने आपले मन विचारले तर माणसे मरतील. पण ती आज्ञा माझ्या कसोटीला उतरते. थांबण्याची किंमत मीच भरतो, मिनिटभराची. फायदा रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला होतो. पुढे तीच म्हातारी रस्त्यात पडली असेल, तर हिरवा दिवा लागला तरी मी गाडी पुढे घेणार नाही, आणि मागून भोंगे वाजवणाऱ्यांना मी काय उत्तर देईन हेही मला माहीत आहे. नियम पाळायचाच असतो. फक्त तो पाळताना समोर कोणी आहे का, हे पाहण्यासाठी डोळे उघडे ठेवायचे असतात.

दुसरा आक्षेप माझा मीच स्वतःवर घेतो. रोबोटने उल्केवर आदळावे, रिरुरुने नाहीसे व्हावे, हे सोपे. ते गोष्टीत राहतात. दोन मुले आणि भाड्याचे घर असलेल्या कारकुनाने काय करावे? हे वाक्य मी वर्षानुवर्षे स्वतःला ऐकवले आहे, आणि म्हणूनच सांगतो, की ते खोटे आहे. माझी नोकरी गेली नसती. ‘साहेब, मुदत आजची आहे, हुकूम लेखी द्या,’ एवढे म्हटले असते तर फार तर चार दिवस त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले असते. कदाचित त्यांनीच विचार बदलला असता; तेही माणूसच होते आणि दिवसभराच्या ढिगाने वैतागले होते. माझ्यासमोर सम्राट नव्हता, अणुबाँब नव्हता. भीती मोठी नव्हती, सवय मोठी होती. मी चाक फिरवले ते धाकाने नव्हे, सहज फिरवले. शिझुकाने बटण दाबले तितक्या सहज.

फरक आहे तो पुढे. इमारत पडल्यावर त्या मुलांच्या लक्षात आले, की हे खेळणे नाही, शस्त्र आहे, आणि ती घाबरली. मला तसे काही वाटले नाही, कारण मी जिथे बसलो होतो ते आरशातलेच जग होते. कचेरीतल्या फायलींत बाहेरचे सगळे जग हुबेहूब उतरलेले असते. गावे, गल्ल्या, नावे, वये, उत्पन्न. फक्त त्यात माणूस नसतो. तिथे अर्ज ‘निकाली’ निघतो, प्रकरण ‘बंद’ होते, आणि कोणालाही काही लागत नाही. त्या जगात राहणाऱ्याला ‘तिथे कोणी नव्हतं ना?’ असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे ‘नव्हतं’ असेच सांगेल. चूक एवढीच, की ते आरशातले जग नसते. खिडकीपलीकडे परदेशीपुऱ्याहून चालत आलेली बाई उभी असते.

माझी खिडकी आता उरली नसेल. अर्ज संगणकावर भरतात. तारीख यंत्र टाकते आणि ठरल्या क्षणाला दार आपोआप बंद होते. एका अर्थी हे बरे झाले; तीन वाजता कोणाच्या तोंडी हुकमाने ३१ तारीख संपत नाही. पण गेल्या वर्षी माझ्याच एका कामासाठी एका काउंटरवर गेलो, तेव्हा तिथल्या तरुण मुलाने पडद्यावरून नजर न काढता सांगितले, “सिस्टिम घेत नाहीये, अंकल.” मी त्याच्यावर रागावलो नाही. आवाज ओळखीचा वाटला. आम्ही म्हणत होतो, वरून हुकूम आहे. तो म्हणतो, सिस्टिम घेत नाही. आमच्या वेळी ‘वर’ निदान कोणीतरी माणूस होता, त्याच्याकडे गाऱ्हाणे नेता येत असे. आता वर पाहिले तर पडदाच दिसतो. आयझॅक आसिमॉव्ह या लेखकाने १९४२ साली आपल्या कथेतल्या यंत्रमानवांसाठी तीन नियम घातले होते. माणसाचे ऐकावे हा त्यांतला दुसरा नियम. पहिला नियम असा, की माणसाला इजा होऊ देऊ नये, आणि हुकूम या नियमाआड येत असेल तर पाळू नये. यंत्रासाठी हा क्रम लावणे लेखकाला सुचले. माणसांच्या कचेऱ्यांत मात्र दुसराच नियम पहिला होऊन बसला आहे.

म्हणून या हास्यास्पद मांजराचे आणि त्या अगडबंब धुडाचे मी आभार मानतो. मुले ‘कार्टून’ पाहून बिघडतात असे आम्ही म्हातारे उठल्याबसल्या म्हणतो. काही बिघडतही असतील. पण यंत्र कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, हे ओळखण्याची सवय माझ्या नातीला त्या हसण्यातून लागली आहे. इमारत पडताच ती हसायची थांबली. मी १९८७ साली छत्तीस वर्षांचा होतो आणि थांबलो नव्हतो.

मुलाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी परवा फोनवर दिले. त्याला तो प्रश्न आठवतही नव्हता. “बाबा, एवढ्या वर्षांनी?” असे म्हणून तो हसला, मग माझे बोलणे ऐकून गप्प झाला. त्या बाईंचा मात्र पत्ता मला माहीत नाही. एकदा परदेशीपुऱ्यात जाऊन चौकशी केली होती, पण नुसत्या ‘सहावीतला मुलगा’ या खुणेवर इतक्या वर्षांनी कोण सापडणार? ती आवक नोंदवही केव्हाच रद्दीत गेली असेल. तिच्यात माझ्या अक्षरात १ ऑगस्ट लिहिले होते.

तो अर्ज ३१ जुलै १९८७ रोजी, दुपारी पावणेचारला आला होता. कुठेतरी ही नोंद बरोबर व्हावी म्हणून हे लिहिले.